शंभरच्या आत

उद्यमबागच्या फाउंड्रीत भरमाण्णा
चौदाशे डिग्रीचा बिडाचा रस ओततो.
भुवया एकदा गेल्या, त्या नीट आल्याच नाहीत.

मेहुणा इराप्पा येळ्ळूरच्या गोठ्यागोठ्यांतून
म्हशी भरवायचा कॅन घेऊन फिरतो.
आत नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णवला
खदखदणारा;
झाकण काढलं की धूर.
त्याच्या करंगळीवर पांढरा चट्टा.
‘भाजलं’ म्हणतो तोही.

सुट्टीदिवशी दोघं मच्छ्याच्या नाक्यावर,
नागव्वाच्या टपरीत.
गाव उंचावर, पाण्याला इथं
शंभरच्या आतच उकळी फुटते.

जमिनीच्या वाटणीचं कोणीच काढत नाही.
इराप्पा बशी पुढं सरकवतो.
भरमाण्णा फुंकतो, फुंकतच राहतो,
मग एक घोट.
‘पोळलं की रे,’ म्हणतो,
आणि बाहेर रस्त्याकडं बघत बसतो.