शिडाचा टाका

रबाळ्याहून माणूस आला, भर मे महिन्यात कोट घालून.
म्हणाला, मावशी, खंड्या पुन्हा निघतेय.
मी म्हटलं, कोण खंड्या?
माहीत होतं. तरी विचारलं.
पन्नास वर्षांनी नाव काढणाऱ्याला
एवढं तरी दारात उभं करावं.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
आगपेटीएवढा कारखाना.
पक्षी तो, पण गाडी ती –
बुटकी, निळी, बिनटपाची, दोनच माणसांची.
मागे पोरं नाहीत, सासू नाही, भाजीची पिशवी नाही.
आम्ही बायका हसायचो, असली गाडी घेतं कोण?
एकशे बारा जणांनी घेतली.
मग एका दिवाळीला बोनसऐवजी कुलूप मिळालं.

सीटा मी शिवायचे.
टाका बापाचा. तो चेंदणीच्या बंदरात शिडं शिवायचा,
मेण लावलेला दोरा,
एक पुढे, अर्धा मागे,
वाऱ्याने ओढलं की आणखीच आवळणारा.
होड्यांना इंजिनं आली. बाप
दारात बसून सुई गंजताना बघायचा.

नव्या कारखान्यात जमीन अशी की चपला हातात घ्याव्यात.
मधोमध सत्तावीस नंबरची खंड्या, उघडी पाडलेली.
निफाडकडे कुणाच्या गोठ्यात सापडली,
स्टिअरिंगवर कोंबडी उबवायला बसायची.
पत्रा सडलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या.
शिवण तशीच.

केतकी तांडेल नावाची इंजिनिअर पोरगी –
आडनाव तांडेल, आणि शीड पाहिलेलं नाही –
म्हणाली, मशीनला जमत नाही हो हे,
चार टाके घालतं नि दोरा तोडतं.
माझ्या बोटांना तिने वायरी चिकटवल्या.
सुईत दोरा तीच ओवून द्यायची.
अकरा दिवस शिवत होते,
बारा कॅमेरे माझ्याकडे बघत होते,
इतकं तर नवऱ्यानेही कधी बघितलं नाही.

इंजिन कुठाय, विचारलं.
बॅटरी आहे, म्हणाली, आणि स्पीकरवर
जुन्या गाडीचा आवाज लावून दाखवला.
खोटा आहे, म्हटलं.
तिसऱ्या गिअरला ती खोकायची.
पोरीने वहीत लिहून घेतलं. मग थोडं थांबून
आवाज बंदच केला.

त्या गाडीत मी कधी बसले नव्हते.
शिवणाऱ्याने बसायचं नसतं, असं कुणी म्हटलं नव्हतं,
तरी.
संध्याकाळी केतकीने ऐरोलीच्या पुलावर नेली.
खाली खाडी, ओहोटीचा चिखल,
आणि गाडीला आवाज म्हणून नाही.
फक्त वारा.
बापाच्या होडीत असायचा तेवढाच.
वेग वाढला तसा पाठीमागे टाका
करकरला, आवळला.
मी डोळे मिटले नाहीत, पाणी आलं ते वाऱ्याने.

कशी वाटली, मावशी?

डावीकडे वळताना जरा ढिली बसते,
मी म्हटलं.
उद्या उसवते.