मंगळवारचा दर

शनिवार-रविवार साडेतीनशे,
सोमवारी बंद,
मंगळवारी ज्येष्ठांना दीडशे.
म्हणून मी मंगळवारची खेळाडू.
उलव्याच्या बसमध्ये पिशवी आडवी धरून बसते तेव्हा
कंडक्टर विचारतो, मावशी, पडद्यांचे रॉड का?
मी म्हणते, हो.

काठ्या पाच. सात नंबरची आयर्न माझी,
बाकीच्या कुरियन डॉक्टरांच्या,
गुडघे गेले तेव्हा देऊन टाकलेल्या.
ग्लोव्ह एकच, डाव्या हाताचा.
एकतीस वर्षं वॉर्डात दोन्ही हातांत घालून झाले,
हा एक पुष्कळ.

पहिला होल सरळ, एकशे दहा यार्ड.
कुंपणापलीकडे नवे टॉवर उठतायत,
त्यांच्या जाहिरातीत हे मैदान
आहे त्यापेक्षा फार हिरवं आहे.
आमचं गवत मे महिन्यात तपकिरी होतं,
टीच्या जागी रबराची चटई,
तिसऱ्या होलवर डोक्यावरून हाय टेन्शनच्या तारा.
चेंडू तारेला लागला तर पुन्हा मारावा, दंड नाही:
हा नियम कार्डाच्या मागे छापलाय,
'पुन्हा'चा उकार दीर्घ.

माझा चेंडू लांब जात नाही.
हात मात्र थरथरत नाही.
रात्री दोन वाजता
सुकलेल्या बाळाच्या टाळूवर ज्यांनी शीर शोधली
त्या बोटांना शेवटचे चार फूट सोपे जायला हवेत.
जात नाहीत.
शीर निदान बोटाखाली उडते,
गवत मला काही सांगत नाही.

पोशीराम मढवीला सांगतं.
तो इथला माळी, कापणारा, पंप चालवणारा,
सातव्या ग्रीनच्या कडेला पाइप गुंडाळत होता.
मी वाकून, एक डोळा मिटून पाहिलं.
उतार डावीकडे, स्वच्छ दिसतो.
"उजवीकरं वलंल, बाय,"
तो म्हणाला, मान वर न करता.
मी माझ्या डोळ्यांचं ऐकलं.
चेंडू उजवीकडे वळला
आणि वळतच राहिला.

मग त्यानं न विचारता माझी बाटली घेतली
आणि ग्रीनवर पाणी ओतलं.
पाणी गवताच्या मुळाशी जरा फुगलं, थबकलं,
आणि एक बारीक रेघ होऊन
निघालं उजवीकडे.
"थं उघारी व्हती.
भरतीचं पानी शेतान शिरू नये
म्हनून बाप राती उठून फली टाकी."
किती होतं शेत, मी विचारलं.
त्यानं पाइप खांद्यावर घेतला.
"सातवा, आठवा,
न त्यो वालूचा खड्डा, अर्धा."
अर्धा का, ते विचारायचं राहिलं.

दुसरा पट मी त्या ओल्या रेघेवरून मारला.
नियमात बसतं की नाही, ठाऊक नाही.
कार्डावर चार लिहिले.

आठव्यावर टिटवीनं अंडी घातलीत, गारगोट्यांसारखी,
भोवती चार बांबू आणि लाल चिंधी.
ती माझ्यावर असं ओरडली
की व्हिजिटिंग अवरनंतर आलेल्या नातेवाइकांवर
मी ओरडायचे तेच आठवलं.
लांबून वळसा घातला. दोन फटके जास्त.

नवव्याच्या आधी नाला.
मी दरवेळी ठरवते, नाल्याकडे बघायचं नाही,
आणि दरवेळी बघते.
डुबुक.

गेटवर हर्षद, नववीतला,
साबणाच्या पाण्यात धुतलेले चेंडू
अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडून बसलेला.
वीसला एक.
तिसऱ्या रांगेतल्या एकावर जांभळा ठिपका,
जेन्शन व्हायोलेटचा. मी घरी लावते, ओळख म्हणून.
अरे, हा माझाच, गेल्या आठवड्यातला.
"मावशी, नाल्यात गेला की नाल्याचा."
पंधराला ठरला.
माझ्याकडे दहाच सुट्टे निघाले.
उरलेले पाच पुढच्या मंगळवारी.