फाटे

माझं काम मोजण्याचं.
शारजात, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मे महिन्यात स्वेटर घालून
कुठल्या चौकाला किती फाटे फुटतात ते मोजते.
चार असले तर हिरवा ठिपका,
तीन, पिवळा.
एकच असला, म्हणजे गल्ली भिंतीला कपाळ टेकून थांबली,
तर लाल.

खाली टायपिंगचं दुकान परकारचाचांचं.
बहात्तर साली लाँचमधून उतरले तेव्हा
खाडीकाठी मूठभर गाव होतं.
इथं गल्लीला सिक्का म्हणतात.
"खणखणीत होते सिक्के," चाचा म्हणतात,
"एकात शिरलो की चारांतून बाहेर.
मासळीवाला, मशीद, शिंपी,
आणि समोरून उधारीवाला आलाच
तर मधल्यामधे गायब!"

मग शहर वाळवंटात शिरलं.
दर वर्षी माझ्या पडद्यावर रस्ते वाढतात,
सहापदरी, आठपदरी, रात्रभर उजेडात,
आणि लाल ठिपके उठतात
अंगावर गोवर उठावा तसे.
साहेबांना लांबी लागते, किलोमीटरमध्ये.
ती भरपूर आहे.

हेमलता खांबेटेची बाल्कनी माझ्या खिडकीतून दिसते.
तिची निळी बादलीसुद्धा.
हाकेच्या अंतरावर म्हणावं,
पण मधे हमरस्ता, हाक तोच गिळतो.
गाडीनं अकरा किलोमीटर, दोन यू-टर्न.
एकदा विरजण आणायला गेले.
परत येईपर्यंत वाटीभर दुधाचं
मांडीवरच दही झालं.

गेल्या आठवड्यात नवं उपग्रहचित्र आलं.
कामगारांच्या छावणीमागे, वाळूत,
केसाएवढी रेघ.
कुणी आखलेली नाही.
पाच हजार चपलांनी
रोज पहाटे, रोज रात्री थोडी थोडी लिहिलेली.
कुंपणाशी येते आणि कुंपणातून जाते,
पलीकडे चहाची टपरी, दवाखाना, बसथांबा.
टपरीशी आणखी रेघा येऊन मिळतात.
दोनदा मोजल्या.
पाच फाटे.
पाचाला आमच्याकडे रंग नाही.

"हा रस्ता नव्हे," साहेब म्हणाले.
बरोबरच आहे. नाव नाही, दिवा नाही,
एका वादळात पुसून जाईल.
मी उगाच फाटे फोडत नाही म्हणून
गप्प बसले,
आणि एक प्रिंट काढली.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला,
रेघेवर बोट ठेवून चालत गेले
छावणीपासून कुंपणापर्यंत.
तिथं बोट थांबलं.
"इथं वाकावं लागत असणार," म्हणाले,
आणि खुर्चीतल्या खुर्चीत
जरासे वाकले.