बोटीचं नाव कसं लिहायचं

रात्री दहा चाळीसला मी गॅलरीतल्या खुर्चीत आले.
ग्लेनिस उठता उठता कानाशी म्हणाली,
"कालचंच चाललंय, नेरिस. फक्त घसे बदललेत."

खाली हिरव्या बाकांवर माणसं खेटून बसलेली,
काही पायऱ्यांवर, काही दाराशी.
मधल्या गालिच्यावर दोन तांबड्या रेघा,
दोन तलवारींचं अंतर, असं नव्या माणसाला सांगतात.
तलवारी कधीच गेल्या.
गालिचा झिजला की रेघा मात्र पुन्हा विणून घेतात.

संसार मोडायचं ठरून अडीच वर्षं झाली होती,
भांडी कुणी न्यायची ते ठरत नव्हतं.
कुणी सुटका म्हणालं, कुणी काडीमोड.
एकाने पोटकलम वाचलं
औषधाच्या बाटलीतला कागद वाचावा तसं,
एकही अक्षर न गाळता
आणि दुखणं कुठलं ते न सांगता.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं :
इथे त्याला दुरुस्ती-प्रस्ताव म्हणतात.

माझी पाळी दहा मिनिटांची.
खोकला लिहायचा नाही.
एकच शब्द अडखळून दोनदा आला तर एकदाच घ्यायचा.
वाक्य उसवलं असेल तर हलकेच टाका घालायचा.
ओरडा झाला तर कंसात "व्यत्यय".
त्या एका शब्दात सहाशे माणसं मावतात.
अर्थ मात्र हलवायचा नाही,
स्वल्पविरामाएवढाही नाही.

मग लेनर्ड थर्कल उठले.
पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंदराचे,
दोन वर्षांत तोंड न उघडलेले.
खिशातून कागद काढला, पाहिला, परत ठेवला.
म्हणाले, माझ्या भावाची एक बोट होती, कॅथरिन.
मासळीचा कोटा आला त्या वर्षी ती मोडीत गेली.
आरी लागली तेव्हा धक्क्यावर मी होतो, तो नव्हता.
वीस वर्षं मी त्याला सांगत आलो
की हे सगळं ब्रसेल्सहून आलं.
निवडून आलो तोही तेच सांगून.
पण कुणाची बोट ठेवायची, कुणाची तोडायची,
ती यादी आमच्याच कचेरीत झाली, टेबलावर चहा होता,
आणि खाली सही, सही माझी आहे.

मग ते उभेच राहिले.
अकरा सेकंद. समोरच्या घड्याळात मोजले मी.
कुणी ओरडलं नाही,
म्हणजे कंसात घालायलाही काही नाही.
"एवढंच," म्हणाले, आणि बसले.
पुढचे सदस्य पोटकलम 'ब'वर आले.

वर जाऊन हेडफोन लावला.
तिथेही अकरा सेकंद तेवढेच लांब,
फक्त कुणाच्या तरी बुटाची करकर जास्तीची.
मी पूर्णविराम दिला, नवा परिच्छेद केला.
दुसरं काही सुचलं नाही.

नेहमीची चिठ्ठी खाली पाठवली :
माननीय सदस्य, बोटीचं नाव 'सी'ने की 'के'ने?
शिपायाने आणलेलं उत्तर पेन्सिलीत होतं :
"के. आमच्या आईचं नाव.
सहीचं ते वाक्य काढता आलं तर बरं होईल."

येत नाही.
चिठ्ठी मी दोनदा वाचली,
मग स्क्रीनवरची ओळ.
दोन सह्यांतली एक काढली.
नियमात बसते तेवढी.
दुसरी राहू दिली.

तेवढ्यात घंटा झाली,
सगळ्या मजल्यांवर, जिन्यांत, रस्त्यापलीकडच्या दारूच्या गुत्त्यातसुद्धा.
आठ मिनिटं.
होकाराला उजवीकडे, नकाराला डावीकडे,
अर्धे ग्लास तसेच टाकून पळत आलेली माणसं.
पडद्यावर नुसत्या पाठी दिसत होत्या.
थर्कल कुठल्या दाराने गेले, कळलं नाही.
गेले की नाही तेही.

सकाळी छापील प्रत आली, शाई ओलसर.
मागच्या पानांवर नावांच्या दोन याद्या, बारीक टाइपात.
तिकडे गेलेच नाही.
'के' बरोबर पडलाय का,
तेवढं बघितलं, आणि कोट घातला.