रकाना सातवा : इतर

प्रशिक्षणातून काम आलं :
तिसरीचा आपला अभ्यासक्रम, तिसरीचा टांझानियाचा,
फरक लिहा, सोमवारपर्यंत.
त्यांची पुस्तकं झेरॉक्समध्ये, पुसट,
सोबत कुणीतरी घाईघाईत केलेला मराठी गोषवारा.

साखर पेठेतली आमची शाळा, वर पत्रा,
भिंतीपलीकडे माग.
'ऐका' हा शब्द मी दिवसातून शंभरदा म्हणते
आणि मलाच ऐकू येत नाही.

तासिका, विषय, मूल्यमापन : तीन रकाने डब्याआधीच भरले.
गणितापाशी अडले.
आपल्या पुस्तकात रोहनकडे बारा आंबे,
पाच त्यानं मित्राला दिले.
त्यांच्यात जुमाकडे बारा कणसं,
पाच माकडानं पळवली.
मला माकडाचं जास्त खरं वाटलं.
उत्तर दोन्हीकडे सात.
हा फरक धरायचा का?

त्यांच्या गणिताला म्हणतात हेसाबू.
दोनदा वाचलं.
आरोग्याच्या धड्यात एक पोरगं हात धुतंय, साबुनीनं.
पुढे पेसा. पुढे चाय.
साम्याचा रकानाच दिलेला नाही.

गोषवारा म्हणतो : तिथल्या मुलांची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी,
त्यामुळे 'अध्ययन-अंतर'.
मला भाग्यलक्ष्मी गुर्रम दिसली.
बोटांवर ओकटी, रेंडु, मूडु,
ओठांवर तीन.
मध्ये एक क्षण जातो, पापणी लवण्याएवढा.
त्याला एवढं मोठं नाव आहे
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पंचविसाचा पाढा आमच्या तिसरीला नाही.
त्यांचाही गोषवाऱ्यात सापडला नाही.
भाग्यलक्ष्मी मात्र आईशेजारी बसून
ओल्या पानावर कात्री चालवता चालवता सांगते,
हजार विड्या म्हणजे चाळीस बंडलं,
आणि त्यातली दोन
मुकादम 'खराब' म्हणून बाजूला काढणार.
ही वजाबाकी कुठल्या इयत्तेची?

केंद्रप्रमुख कोळेकर सर फोनवर म्हणाले,
बाई, 'इतर' मोकळा सोडा, सगळेच सोडतात.

शाळा सुटली तरी ती रेंगाळत होती.
झेरॉक्सवरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, कोती.
मग माझ्याकडे बघून, दुरुस्त करत : माकड.
मग,
"आन् तिकडं काय म्हणत्यात, बाई?"

शब्द पानावर होता,
शाई नेमकी तिथंच उडालेली.
मी पान उजेडात धरलं, तिरपं केलं.
माग थांबला होता.
ती वाट बघत होती,
मी जशी रोज तिची बघते.