सुविधांचा तक्ता

काउंटीच्या कचेरीतून फॉर्म आलाय.
चार पानं, बारीक चौकटी,
आणि वर ठळक अक्षरांत: आपल्या गावातील सुविधा.
आठवड्याला सहा तासांची पॅरिशची कारकून मी,
खिडकीशी बसून चष्मा पुसते
आणि नेदर ऑस्बीची झडती घ्यायला लागते.

दुकान?
नाही.
होतं, मिसेस थ्रॉवर होती तोवर.
पावाची शेवटची लादी कुणासाठी मागे ठेवायची
हे तिला न सांगता कळायचं.
आता तिथे लंडनचं जोडपं येतं, शनिवार-रविवार.
दाराला राखी रंग दिलाय,
दारावरची घंटा मात्र हौसेनं तशीच ठेवलीय;
ती सहसा वाजत नाही,
कारण ते मागच्या दारानं येतात.

बस?
दररोज, तासाला, की इतर?
इतर.
इतर म्हणजे मंगळवार, शुक्रवार, दहा वीस.
इतर म्हणजे गॅरिक,
जो रिकामी बससुद्धा थांब्यावर चार मिनिटं उभी करतो,
सँडविचचा चुरा चिमण्यांना टाकतो
आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहतो,
डोरीन पिगॉटचा गुडघा
तिला आज फाटकापर्यंत येऊ देतोय का.

देऊळ म्हणू नका, चर्च आहे.
महिन्यातून एक रविवार, पाद्री बाई चार गावांत वाटून घेतलेल्या.
छप्पर गळतं.
प्रार्थनेला नऊ माणसं, वर साठ वटवाघळं;
पैकी कायद्याचं संरक्षण वटवाघळांना आहे.

सार्वजनिक टेलिफोन?
लाल खोकं आहे, फोन नाही.
आत एका फळीवर जिगसॉची खोकी,
एकावर चिठ्ठी, कुणाच्या तरी प्रामाणिक हातची:
‘आकाशाचा एक तुकडा कमी आहे.’
आणि भिंतीवर ते यंत्र,
बंद पडलेलं हृदय सुरू करायचं.
ते एकदाच बाहेर काढलं, जानेवारीत,
मर्विन कोंबड्यांच्या कुंपणात पडला तेव्हा.
यंत्रातली बाई फार शांत बोलत होती.
बाजूला व्हा, म्हणाली.
आम्ही झालो बाजूला.
पुन्हा म्हणाली.
चिखलात गुडघे टेकून आम्ही तिचं सगळं ऐकलं.

जवळचं रुग्णालय किती मैलांवर?
एकवीस, लिहिते.
मिनिटं विचारलेली नाहीत.

पब बंद. शाळा बंद, तिच्यात आता एक कुंभार राहतो.
पोस्टाची व्हॅन बुधवारी तासभर.
पेन थांबतं.
मर्विनच्या फाटकापाशी अजून तो फळकूट आहे,
अंडी, अर्धा डझन, दीड पौंड,
शेजारी बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला चीर.
पावसानं अक्षरं पुसट होत आली होती;
मार्चमध्ये कुणीतरी त्यांवरून रंग फिरवला,
त्याच्याच वाकड्या वळणानं,
शून्याचं पोट फुटलेलं तसंच ठेवून.
रोज सकाळी अंडी असतात तिथे.
खुराडं कोण उघडतं, दाणे कोण टाकतं
ते विचारायला या फॉर्मात चौकट नाही
आणि असती तरी मी भरली नसती.
परवा डबा मोजला:
हिशेबापेक्षा दोन पौंड जास्त,
आणि एक कोटाचं बटण.

पहिल्या पानावर परत येते.
दुकान: ‘नाही’ खोडते.
खोडलेलं काउंटीला चालत नाही,
खाली स्पष्ट लिहिलंय, नवा फॉर्म मागवावा.
मागवू.
पावणेचार झालेत, नोव्हेंबरचा उजेड
कुंपणापलीकडे उतरलाय,
कोल्हा कालच दिसला होता कुंभाराला.
कोट शोधते.
मंगळवार डोरीनचा,
पण तो गुडघा...
आज मीच जाते.