तोमे-सान यांचा नमुना

छपराच्या कडेपर्यंत बर्फ. आत आगटीवर टांगलेलं
काळं, चपटं, चामड्यासारखं काहीतरी.
अस्वलाचं पित्ताशय. नवऱ्याने मारलेल्या शेवटच्या अस्वलाचं.
"पोट बिघडलं की तांदळाच्या दाण्याएवढं खरवडते,"
तोमे-सान म्हणतात. वय एकशे तीन.

मी अकिताहून आलेय,
निळ्या झाकणाची डबी घेऊन.
तिच्यात काय भरायचं ते सांगताना माझेच कान तापतात.
"एवढ्या बर्फातून, ह्यासाठी?"

मग मी सांगत बसते. यकृत कोलेस्टेरॉल घेऊन आम्ल घडवतं,
त्याला टॉरिनची नाहीतर ग्लायसिनची शेपटी बांधतं,
पाण्याशी आणि तेलाशी, दोघांशीही जमावं म्हणून.
जेवण आलं की पित्त सुटतं, चरबी फुटते,
आणि लहान आतड्याच्या टोकाशी जवळजवळ सगळं
वेचून यकृताकडे माघारी.
तेच तेच चार-दोन ग्रॅम, दिवसभर येरझाऱ्या.

"आणि निसटतं ते?"

ते खाली जातं, जिथे हवा नाही.
तिथले जंतू आधी शेपटी तोडतात.
मग सातव्या कार्बनवरचं हायड्रॉक्सिल उचकटतात.
एखादा उचकटत नाही, नुसतं फिरवतो:
खाली होतं तोंड, आता वर.
एवढ्याशानं
किल्ली दुसऱ्याच कुलपाला लागते.

तोमे-सान उठतात. पिंपावरचा दगड सरकवून
कोंड्यातून धुरकटलेला मुळा उपसतात.
"म्हणजे हेच की. मी फक्त दगड ठेवते.
काम कोण करतं, कधी पाहिलं नाही."

आलेखावर मला एक सुळका शोधायचाय,
शंभरी ओलांडलेल्यांच्या पोटात जास्त दिसणारा.
नाव इतकं लांब की मी घेत नाही.
त्याच्यामुळे माणूस जगतो, की जगला म्हणून तो सापडतो?
ठाऊक नाही, म्हणते. त्यांना ते आवडतं.

आमच्याकडे यकृताला किमो म्हणतात, हिमतीलाही.
"ह्यांचं किमो मोठं," त्या वर बघतात,
"पण ते अस्वल पडलं त्या रात्री जेवले नाहीत.
मादी होती."

सकाळी डबी मिळाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
सोबत दोन मुळे.
नमुन्याच्या पेटीत खाण्याचं ठेवायचं नाही, असा नियम.
मुळे मी मांडीवर घेतले.
घाट उतरेपर्यंत हातमोज्यांना धुराचा वास,
आणि जिभेखाली, काही खाल्लं नव्हतं तरी,
थोडं कडू.